डोना नूकचे सील : लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायरमध्ये, नॉर्थ सॉमरकोट्स या गावाजवळ डोना नूक नावाचे निसर्ग-राखीव क्षेत्र आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत करड्या सीलच्या माद्या विण्यासाठी येथे किनाऱ्यावर येतात आणि एका हंगामात दोन हजारांच्या आसपास पिल्ले जन्माला येतात. लेस्टरहून मोटारीने सुमारे अडीच तासांचे अंतर कापून आम्ही आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन नोव्हेंबरच्या मध्यावर तेथे गेलो. ही सहल मुलीला पुरेपूर लाभली, मुलाला अर्धीच. आणि त्यात दोष जागेचा नव्हता, आमच्या तयारीचा होता.

लिंकनशायर वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था या क्षेत्राची देखभाल करते. सील पाहण्यासाठी प्रवेशशुल्क नाही, फक्त शेजारच्या शेतात गाडी उभी करण्याचे पैसे पडतात. वाळूच्या टेकाडांच्या पायथ्याशी लाकडी पट्ट्यांचे कुंपण घातलेले आहे. माणसांनी त्याच्या अलीकडून चालायचे आणि पलीकडची सगळी सपाटी सीलची. कोकणातले खाजण पाहिलेल्यांना ती चिखलवाळू ओळखीची वाटेल. दुर्बीण नेली होती, ती पिशवीतून बाहेर काढावीच लागली नाही, कारण पहिलीच मादी आपल्या पिल्लासह कुंपणापासून दोन हातांवर पडलेली होती. पिल्लाची पांढरी लव नाळेच्या जागी अजून पिवळसर-लाल होती. मादीने कूस बदलून पुढच्या वल्ह्यासारख्या पायाने पोट खाजवले, तेव्हा त्या पायाला नखे असल्याचे मुलीच्या ध्यानात आले. तिने ती मोजली, पाच भरली, आणि मग स्वतःचा हातमोजा काढून हाताची बोटेही मोजून पाहिली.

पिल्लांचा आवाज मात्र मुलांना आधी सांगून ठेवावा. तान्ह्या बाळाने टाहो फोडावा तसा तो असतो, आणि भरीस भर म्हणून त्यांच्या डोळ्यांखाली ओल्या रेघा दिसतात. ‘ते रडतंय का?’ हा प्रश्न आमच्या चिरंजीवांनी किमान दहा वेळा विचारला. सीलच्या डोळ्यांतले पाणी नाकात उतरायला आपल्यासारखी वाट नसते, म्हणून जमिनीवर असताना ते गालांवरून ओघळते, हे उत्तर त्याला पटले नाही. तेथे उभ्या असलेल्या एका स्वयंसेविकेने ‘भूक लागली की ते आईला हाक मारते’ एवढेच सांगितले आणि ते मात्र तत्काळ पटले. हे स्वयंसेवक ही या जागेची खरी श्रीमंती आहे. जन्मतः पिल्लू सुमारे १४ किलोंचे असते, आईचे दूध निम्म्याहून अधिक स्निग्धांशाचे असल्यामुळे ते दिवसाला सुमारे दोन किलोंनी वाढते, आणि दूध पाजण्याच्या त्या जवळजवळ तीन आठवड्यांत आई स्वतः काहीच खात नाही, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळाली. मुलीचे वजन २४ किलो. ‘म्हणजे पाच दिवसांत ते माझ्याएवढं!’ असा हिशेब तिने जागच्या जागी मांडला.

नंतर आई पिल्लाला सोडून समुद्रात निघून जाते आणि पांढरी लव गळून गेल्यावर ते भुकेपोटी स्वतःच पाण्याकडे वळते. हे ऐकून मुलगी बराच वेळ गप्प होती. त्याहून अवघड प्रसंग पुढे आला: कुंपणापासून थोड्या अंतरावर एक मेलेले पिल्लू पडलेले होते आणि त्याच्याभोवती समुद्रपक्षी जमले होते. येथे ते उचलून नजरेआड केले जात नाही, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. परंतु पाच वर्षांखालच्या मुलाला नेणाऱ्या पालकांनी आपण काय सांगणार हे गाडीतच ठरवून ठेवावे. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना माझ्या भाचीने जे पाहिले ते माणसांनी अंडी जपून, वेळ ठरवून घडवून आणलेले होते. येथे तसे काहीच घडवून आणलेले नाही. दोन नर माना ताणून एकमेकांवर धावून गेले तेही आम्ही पाठमोरे असताना, आणि मुलाने ते पाहिले तेव्हा निम्मे भांडण संपले होते.

आता तक्रारीचे. आम्ही शनिवारी गेलो ही मोठी चूक. अकरानंतर कुंपणाशी इतकी दाटी झाली की मुलाला सारखे कडेवर घ्यावे लागले. एका गृहस्थांनी काठीला मोबाइल बांधून तो थेट मादीच्या तोंडापुढे धरला आणि तिने फुत्कारून दात दाखवले, तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांना सौम्यपणे पण ठामपणे मागे सारले. माणसांच्या वर्दळीने विचलित झालेली मादी पिल्लाला टाकूनही जाऊ शकते, हे लक्षात घेता तो सौम्यपणा मला जरा जास्तच वाटला. बाबागाडी नेली ती चिखलात रुतली आणि परतताना मी ती उचलून आणली. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला आडोसा कसलाच नाही; थर्मासमधला चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नसत्या तर तासाभरातच परत फिरावे लागले असते.

शाळेची ऑक्टोबर अखेरची सुटी या सहलीला सोयीची वाटते, पण तेव्हा हंगाम नुकताच सुरू होत असल्यामुळे पिल्ले थोडीच दिसतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. आठवड्याच्या मधल्या दिवशी जमले तर गर्दी टळते. मात्र पलीकडच्या सपाटीवर ब्रिटिश हवाई दलाचे सरावक्षेत्र आहे, त्यामुळे लढाऊ विमानांचा कानठळ्या बसवणारा आवाज येऊ शकतो. सील त्याला सरावलेले असतात, लहान मुले नसतात. शनिवार-रविवारीच जाणे भाग असेल तर सकाळी लवकर पोहोचावे, गमबूट आणि कपड्यांचा एक जादा जोड गाडीत ठेवावा, आणि बाबागाडी घरीच राहू द्यावी.