लहान होडीच्या टेबलावर चार्टची अवजारं: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारण दुकानात उभं राहून वाचणाऱ्याला तोच हवा असतो. तीस-पस्तीस फुटी शिडाच्या होडीवर कागदी चार्ट (समुद्राचे नकाशे) वापरणार असाल तर दिशा मोजायला ब्रेटन प्लॉटर, अंतर मोजायला पितळी एकहाती डिव्हायडर (दोन टोकदार पायांचा कर्कटक), षटकोनी २बी पेन्सिली आणि मऊ पांढरा खोडरबर घ्या. पॅरलल रुलर (समांतर राहतील अशा जोडलेल्या दोन पट्ट्या) वाईट नाही, पण त्याची जागा घरचं टेबल किंवा मोठ्या जहाजाचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची खोली. सेकंड मेटच्या (व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या) परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र तोच हातात बसवावा.

हे का, ते अवजारापेक्षा टेबलावरून जास्त कळतं. पूर्ण आकाराचा चार्ट साधारण एक मीटर बाय सत्तर सेंटीमीटर असतो. लहान होडीत त्याच्या निम्म्या मापाचं टेबल मिळालं तरी नशीब. म्हणजे चार्ट दुमडलेला, आणि बऱ्याचदा कंपास रोझ (चार्टवर छापलेलं दिशांच्या अंशांचं वर्तुळ) नेमका घडीखाली गेलेला. पॅरलल रुलरची सगळी भिस्त त्या रोझवर. कोर्सच्या, म्हणजे जायच्या दिशेच्या, रेषेवरून रुलर चालवत रोझच्या मध्यापर्यंत न्यायचा आणि बाहेरच्या कड्यावर अंश वाचायचे. वाटेत घडीचा उंचवटा आला, होडी कलली, की मागची पट्टी अर्धा मिलिमीटर सरकते आणि ते लक्षातही येत नाही. कॅप्टन फील्ड पद्धतीच्या रुलरच्या कडांवर अंश कोरलेले असतात. त्यात मध्यखूण एखाद्या रेखावृत्तावर ठेवून तेच रेखावृत्त समोरच्या कडेला जिथे छेदतं तिथे आकडा वाचता येतो, रोझपर्यंत जावं लागत नाही. नवा घ्यायचा तर असाच घ्या. तरी दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबून धरायला दोन हात लागतात, आणि हेलकाव्यात एक हात आधाराला गुंतलेला असतो.

सरकण्याची किंमत आकड्यात पाहा. मुंबईच्या प्रॉंग्स दीपगृहापासून खांदेरी बेटापर्यंत साधारण साडेदहा सागरी मैल. तेवढ्या अंतरावर एका अंशाची चूक होडीला सुमारे ३४० मीटर बाजूला नेते. खडक असलेल्या किनाऱ्यालगत ही चूक क्षुल्लक नाही.

रोलर रुलर (खाली रूळ असलेली, सरकवायची पट्टी) या होडीवर टिकला नाही. जड आहे, सपाट आणि लांब पृष्ठभाग मागतो, आणि होडी कलली की आपणहून घरंगळतो. मोठ्या चार्ट टेबलावर मात्र त्याच्याइतकं झटपट काही नाही.

ब्रेटन प्लॉटरला पोर्टलंड प्लॉटरही म्हणतात. साधारण ३७-३८ सेंटीमीटरची पारदर्शक पट्टी आणि मध्ये फिरणारी अंशांची चकती. वापर असा: लांब कड कोर्सच्या रेषेला लावा, पट्टीवरचा मोठा बाण जायच्या दिशेला करा. मग पट्टी दाबून धरून फक्त चकती फिरवा, तिच्यावरच्या रेघा चार्टच्या रेखावृत्तांना समांतर होईपर्यंत, आणि चकतीचं उत्तर चार्टच्या उत्तरेकडे. आता पट्टीवरच्या शून्याच्या खुणेसमोर खरा कोर्स (खऱ्या उत्तरेपासून मोजलेला) वाचा. रोझची गरजच नाही. जवळचं कोणतंही रेखावृत्त किंवा अक्षवृत्त चालतं.

बेअरिंग, म्हणजे होडीवरून एखादी खूण ज्या दिशेला दिसते तिचे अंश, आखताना क्रम उलटा. आधी चकतीवर बेअरिंग लावून घ्या. पेन्सिलीचं टोक दीपगृहावर रोवा, पट्टीची कड त्याला टेकवा आणि चकती न हलवता पूर्ण पट्टी टोकाभोवती फिरवा, रेघा रेखावृत्तांशी जुळेपर्यंत. बाण दीपगृहाकडे तोंड करून हवा. रेषा दीपगृहापासून आपल्या बाजूला ओढा.

यात सर्वांत घातक चूक म्हणजे बाण उलटा राहणं किंवा चकतीचं उत्तर खाली जाणं. आकडा अगदी नेटका येतो आणि नेमका १८० अंशांनी चुकलेला असतो. उपाय एकच: प्लॉटर उचलण्याआधी डोळ्याने अंदाज बांधा. मुंबईहून खांदेरीला जायचं म्हणजे दक्षिणेला, आकडा १८० च्या आसपास हवा. चकती ००० च्या जवळ दाखवत असेल तर बाण तपासा.

शून्याच्या दोन्ही बाजूंना व्हेरिएशनची (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतल्या फरकाची) छोटी पट्टी असते. मुंबईजवळ व्हेरिएशन एक अंशाच्या आतच असल्यामुळे इथे शिकलेल्यांना ती पट्टी शोभेची वाटते. ऑकलंडला होडी चालवणाऱ्या मराठी माणसाला तसं वाटून चालणार नाही. तिथे व्हेरिएशन सुमारे वीस अंश पूर्व आहे, म्हणजे खरा कोर्स ०९० तर चुंबकीय ०७०. डेव्हिएशन, म्हणजे होडीवरच्या लोखंडामुळे होकायंत्रात येणारी चूक, मात्र या पट्टीवर कुठेच दिसत नाही. ते आपल्या होडीच्या डेव्हिएशन कार्डावरूनच घ्यायचं, मुंबईतसुद्धा.

महिने गेल्यावर दिसलेल्या उणिवा: चकती आणि पट्टीच्या मधल्या फटीत मीठ साचतं, मग चकती घट्ट होते आणि फिरवताना पट्टीलाच सोबत ओढते. गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसलं की बहुतेक वेळा सुटते. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. प्लास्टिकवर बारीक तडे जातात आणि अंश वाचता येत नाहीत. उन्हात कॉकपिटमध्ये ठेवल्यास पट्टी वाकते. ती सरळ आहे का ते पाहायला एक रेषा ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंतून पुन्हा ओढा. दोन रेषांमध्ये फट दिसली तर नवी घ्या.

डिव्हायडरबाबत कंजूषी करू नका. वरच्या बाजूला गोल वळण असलेला एकहाती डिव्हायडर तळहातात दाबला की उघडतो, खालचे पाय दाबले की मिटतो, आणि दुसरा हात मोकळा राहतो. घेताना दोन गोष्टी पाहा. मिटल्यावर टोकं अचूक जुळली पाहिजेत. आणि उघडून एका पायाला धरून उभा केला तर दुसरा पाय आपोआप पडता कामा नये. टोकं पोलादी असल्याने गंजतात, तेलाचा हात फिरवत राहा.

अंतर नेहमी उभ्या कडेवरच्या अक्षांशांवर मोजा, आणि तेही आपण आहोत त्याच अक्षांशाच्या शेजारी. अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. चुकून खालच्या कडेवर रेखांशांवर मोजलं तर मुंबईच्या अक्षांशावर खरे १० मैल १०.६ दिसतात. मुंबई-गोवा एकाच चार्टवर असेल तर मर्केटर प्रक्षेपणामुळे गोव्याजवळचा आणि मुंबईजवळचा मिनिटही सारखा नसतो, फरक सुमारे दोन टक्के. लांब टप्प्यासाठी टप्प्याच्या मध्याजवळच्या अक्षांशांवर डिव्हायडर पाच मैल उघडा आणि रेषेवरून चालवत न्या.

पेन्सिल २बी का? एचबी कडक असते. जोर द्यावा लागतो, चर पडते, आणि पावसाळी दमट हवेत कागद नरम झाल्यावर फाटतोसुद्धा. पण २बी लवकर बोथट होते. १:१,५०,००० प्रमाणाच्या चार्टवर १ मिलिमीटर जाड रेषा १५० मीटर रुंद असते, तेव्हा टोक करत राहा. षटकोनी अशासाठी की टेबलावरून घरंगळत नाही. यांत्रिक ०.५ ची पेन्सिल रेषा सुरेख देते, पण हेलकाव्यात शिसं तुटत राहतं.

प्लॉटर हरवला तर म्हणून डग्लस प्रोट्रॅक्टर सोबत असू द्या. चौकोनी कोनमापक, हलणारा भाग नाही, चार्टच्या घडीत मावतो. बाजू आखूड असल्याने लांब कोर्स दोन तुकड्यांत ओढावा लागतो, आणि जोडावर चूक शिरते, म्हणून पहिला तुकडा संपण्याआधी चार-पाच सेंटीमीटर मागून पट्टी पुन्हा लावा.