पिसवांचा गळपट्टा आणि ‘अजून थोडे दिवस थांबा’

आवाजाने पिसवा पळवणारा गळपट्टा मला ज्याने विकला, त्याने सांगितलेल्यातलं निम्मं खरं होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. नुसत्या थापा असत्या तर त्या कुणीही ओळखल्या असत्या.

घरात एक कुत्री आणि एक बोका. दोघंही खाजवून हैराण, आणि कुत्रीच्या शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडी लाल झालेली. जाहिरातीत लिहिलं होतं की पट्ट्यातून ४० हजार हर्ट्झचा आवाज निघतो. तो माणसाला ऐकू येत नाही, प्राण्याला त्रास देत नाही, पिसवांना मात्र सोसवत नाही. औषध नाही, वास नाही. दोघांसाठी एकेक पट्टा मागवला.

पट्टे गळ्यात आणि पिसवा अंगावर, दोन्ही सुखाने नांदू लागले. तक्रार केली तर पलीकडचा माणूस अगदी शांतपणे, एखाद्या प्राध्यापकासारखा समजावू लागला. “ताई, अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या घरात आहेत. ते फुटतायत, म्हणून नवीन दिसतात. पट्टा काढू नका, अजून थोडे दिवस थांबा.”

यातला पट्ट्याचा भाग सोडला तर बाकी सगळं बरोबर आहे. पिसवांची मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती केसांना चिकटत नाहीत. अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत गळून पडतात. अळ्या अंधारात दडून मोठ्या पिसवांच्या रक्ताळ विष्ठेवर वाढतात. कोषातली पिसू तर महिनोन्‌महिने दम धरून बसते आणि पावलांची कंपनं, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी मारते. कोषात फवारणीसुद्धा नीट पोचत नाही. त्यामुळे खरं, चांगलं औषध लावलं तरी काही आठवडे नव्या पिसवा दिसतातच.

सगळी लबाडी या काही आठवड्यांत आहे. माल परत घेण्याची मुदत त्याहून कमी असते. ती उलटेपर्यंत माझ्या प्रत्येक निरोपाला तत्काळ, गोड उत्तर यायचं. ती संपल्यावर उत्तर आलं ते असं: “वापरलेली वस्तू परत घेत नाही.”

मग अजून थांबावं की नाही, हे ओळखायचं कसं? आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी बारीक दातांची फणी काढून दाखवलं. औषध लागू पडत असेल तर नवी पिसू अंगावर उडी मारते खरी, पण साधारण दिवस-दोन दिवसांत मरते. फणीत मेलेल्या किंवा झिंगलेल्या पिसवा येतात आणि विष्ठेचे काळे कण कमी होत जातात. आमच्या फणीत टुणटुणीत पिसवा होत्या आणि काळे कण ओंजळभर. ते कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले की तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. साधी माती असेल तर असं होत नाही.

आवाजाचं शास्त्रही उलटंच आहे. कुत्र्याला साधारण ४५ हजार आणि मांजराला ६४ हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. म्हणजे ४० हजारांचा आवाज पट्ट्यातून खरोखर निघत असेल, तर तो ऐकायची शिक्षा आमच्या कुत्रीला आणि बोक्यालाच. अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारासच असे पट्टे तपासले होते आणि पिसवांवर काहीही परिणाम आढळला नव्हता. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, फेडरल ट्रेड कमिशनने, २००१ मध्ये आवाजाने कीटक पळवणारी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. तरी पट्टे विकले जातातच.

इथपर्यंत फक्त पैसे गेले होते. खरा संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. मी वाईट अभिप्राय लिहिते म्हटल्यावर विक्रेत्याने ‘भरपाई’ म्हणून मानेवर टाकायचे थेंब फुकट पाठवले. “कुत्रा-मांजर दोघांनाही चालतात.” डबीवरच्या नव्या लेबलाचा कोपरा सुटत होता. तो ओढला, तर खाली मूळ लेबल: परमेथ्रिन, फक्त कुत्र्यांसाठी, आणि मांजराच्या चित्रावर फुली.

घरी मांजर असलेल्यांनी परमेथ्रिन हे या कीटकनाशकाचं नाव पाठच करावं. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिन निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. मग थरथर, स्नायूंचे झटके, फिट येणं, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही. कुत्र्यांच्या काही थेंबांत त्याचं प्रमाण ४५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, म्हणून ‘मांजराला अर्धा थेंब’ हा हिशेबही चालत नाही. नुकतं औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटलं किंवा त्याला बिलगून झोपलं तरी बाधा होऊ शकते. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, आणि लक्षणांची वाट न बघता ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. डबी सोबत घ्या. आत काय होतं, हे त्यांना कळायला हवं.

आमच्याकडे शेवटी प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वेगळं औषध, अंथरुणं गरम पाण्यात आणि रोज व्हॅक्यूम, त्याची पिशवी लगेच घराबाहेर. कंटाळवाणं आहे, पण फणी हळूहळू रिकामी येऊ लागली. औषध मात्र डॉक्टरांनी पुढेही नियमित चालू ठेवायला सांगितलंय.

पट्ट्यांचे पैसे मिळाले नाहीत. थेंबांची तक्रार मात्र विक्रीच्या ॲपने घेतली, कारण माझ्याकडे दोन्ही लेबलांचे फोटो होते. एक वर चिकटवलेलं, एक खालचं. विक्रेत्याचं खातं बंद झालं. परवा तोच पट्टा, तेच फोटो, नव्या नावाने पुन्हा दिसला. आता म्हणे त्याने गोचीडही पळतात.