माझ्या नावाने निघालेली हंपीची सहल

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. माझा क्रमांक त्यांनी प्रकाशकांकडून मिळवला होता आणि त्यांची शंका अगदी साधी होती. "ताई, माझे गुडघे फार दुखतात, तर हंपीला मला तळमजल्यावरची खोली मिळेल ना? तुमच्या ऑफिसातला तो मुलगा दोन दिवस फोनच उचलत नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं." माझे कोणतेही ऑफिस नाही आणि माझ्याकडे कोणताही मुलगा नोकरीला नाही. हंपीच्या सहलीला मी होकार दिला होता हे खरे, पण नोंदणी अजून सुरूच झालेली नाही, असे आयोजकांनी मला सांगितले होते. बाईंनी मात्र ऑक्टोबरातच साडेएकवीस हजार रुपये भरून टाकले होते.

त्या फोननंतरच्या आठवड्यात जे उलगडत गेले ते येथे लिहीत आहे. प्रवास करून लिहिणाऱ्या आणि आपले लेखन वाचकांपर्यंत पोचावे म्हणून समाजमाध्यमांवर स्वतःचे पेज चालवणाऱ्या मंडळींनी ते वाचावे, अशी इच्छा आहे, कारण या प्रकारात लेखकाचे पैसे जात नाहीत आणि त्यामुळेच त्याला वेळीच संशय येत नाही.

मी सत्तावीस वर्षे बँकेत काढली. रजा मिळेल तेव्हा फिरायचे, परत आल्यावर लिहायचे, असे करत एक पुस्तक झाले आणि त्यातली तीन प्रकरणे तुंगभद्रेच्या काठावरची, म्हणजे हंपी आणि आनेगुंदीची आहेत. पुस्तक निघाले तेव्हा प्रकाशकांनी सांगितले की हल्ली लेखक लोकांना दिसावा लागतो, तुमचा स्वतःचा ब्रँड तयार व्हायला हवा. 'ब्रँड' हा शब्द मला साबणाच्या वडीला शोभणारा वाटला, तरीही मी फेसबुकवर पेज उघडले, प्रवासातले फोटो आणि चार-सहा ओळींचे मजकूर टाकू लागले, आणि चार वर्षांत अकरा हजारांहून अधिक वाचक तेथे जमले. त्यांच्यापैकी अनेक जण लिहायचे, "तुमच्यासोबत एकदा हंपी बघायची आहे." हे वाचून मी सुखावत असे, आणि माझ्याआधी कोणीतरी दुसऱ्यानेही ते बारकाईने वाचले असणार.

ऑगस्टमध्ये एक ईमेल आला. आम्ही लेखकांसोबत अभ्याससहली काढतो, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे इतिहासाच्या जाणकारांसोबत किल्ले आणि लेणी पाहायला जाण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे त्यात वावगे असे काही वाटले नाही. शिवाय माझ्या पुस्तकातला एक परिच्छेद त्यांनी उतरवून पाठवला होता, वेताच्या गोल टोपलीसारख्या होडीतून नदी ओलांडताना नावाड्याने मुद्दाम दिलेल्या गिरकीचा. तो परिच्छेद मी सात वेळा लिहून काढला होता आणि तोवर त्याचा उल्लेख एकाही परीक्षणात आला नव्हता. लेखकाला याहून मोठी लाच देता येत नाही.

पुण्यातल्या एका हॉटेलात भेट ठरली. माझ्या मुलाच्याच वयाचा, नीटनेटका, नम्र तरुण आला, आणि त्याने टेबलावर ठेवलेल्या माहितीपत्रकावर विठ्ठल मंदिरातला दगडी रथ होता, पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर असतो तोच. "मॅडम, तुम्ही फक्त फिरा आणि बोला, बाकीचं सगळं आम्ही बघतो," असे तो म्हणाला. त्याच संध्याकाळी मानधनाची आगाऊ रक्कम म्हणून दहा हजार रुपये माझ्या खात्यात जमा झाले. फसवणारा माणूस पैसे मागतो, देत नाही, अशी माझी पक्की समजूत होती आणि त्या दहा हजारांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मानधन देणारी खरी संस्था पॅन विचारते, बिल मागते, कशावर तरी सही घेते. येथे यांपैकी काहीच झाले नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे व्हाउचर तपासणाऱ्या मला ते खटकलेसुद्धा नाही.

यानंतर त्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे पेजचा अधिकार. जाहिराती तुमच्याच पेजवरून दिल्या तर वाचकांना विश्वास वाटतो, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. पेजचा अधिकार देताना दोन पर्याय समोर येतात. एकात ठरावीक कामांपुरता हात पोचतो, दुसऱ्यात पूर्ण नियंत्रण मिळते आणि पूर्ण नियंत्रण असलेला माणूस इतरांना, अगदी पेज उघडणाऱ्यालाही, बाहेर काढू शकतो. जाहिरात देण्यासाठी पहिला पर्याय पुरतो. मी फोन हातात धरून बसले होते आणि पलीकडून तो सांगत होता की खालचे बटण दाबा. मी खालचे बटण दाबले.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ. माझ्या घराच्या गॅलरीत, निळी इरकल नेसून, मी चाळीस सेकंद बोलले. मराठी माणसाला हंपीची ओढ का वाटते ते मी त्यात सांगितले होते. कृष्णदेवरायाने पंढरपूरहून विठ्ठलाची मूर्ती तेथे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही आख्यायिका आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. शेवटचे वाक्य त्याने लिहून दिले होते, "संपूर्ण प्रवासात मी स्वतः तुमच्यासोबत असेन." ते त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले, कारण 'स्वतः' या शब्दावर पुरेसा जोर येत नव्हता.

आता त्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझा सर्वांत मोठा हलगर्जीपणा तेथे झाला. दुसऱ्या दिवसाचा मुक्काम विरुपापूर गड्डीवर, नदीकाठच्या झोपडीवजा खोल्यांमध्ये, असे तीत छापले होते. विरुपापूर गड्डी हे हंपीच्या समोर तुंगभद्रेतले बेट. तेथली बेकायदा रिसॉर्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०२०मध्ये पाडण्यात आली, आणि ही गोष्ट मला वर्तमानपत्रातून नव्हे तर माझ्याच पुस्तकासाठी केलेल्या टिपणांतून माहीत होती. तिसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिरातले सप्तस्वरांचे खांब 'स्वतः वाजवून पाहण्याचा अनुभव' होता, आणि त्या खांबांवर टकटक करायला पर्यटकांना मनाई आहे. म्हणजे कोठल्यातरी जुन्या माहितीवरून हा कार्यक्रम उचलला होता आणि तो तयार करणाऱ्याने हंपी पाहिलेली नव्हती, हे कागदावरच दिसत होते. ती पत्रिका त्याने मला तपासायला पाठवली होती. मी ती लाल शाईने तपासली, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'अनेगुंदी'चे 'आनेगुंदी' केले आणि परत पाठवली.

सप्टेंबरच्या अखेरीस मला माझे पेज उघडता येईना. पेज अस्सल असल्याच्या निळ्या खुणेसाठी पडताळणी सुरू आहे, तीन-चार आठवडे लॉगिन करू नका, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल, असे त्याने कळवले. निळी खूण मिळणार म्हणून मी बहिणीला पेढेसुद्धा कबूल केले होते. त्या पाच-सहा आठवड्यांत पेजवर काय चालले आहे हे मी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून एकदाही पाहिले नाही.

मिरजेच्या बाईंचा फोन ठेवल्यावर प्रथम तेच केले. बहिणीच्या फोनवर पेज उघडले तर सर्वांत वर मी, निळ्या इरकलीत, आणि खाली 'शेवटच्या पाच जागा'. बाईंनी पावतीचा फोटो पाठवला. पावतीच्या माथ्यावर माझे छायाचित्र, त्याखाली 'प्रायव्हेट लिमिटेड' असे कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक. येथे मात्र बँकेतली सवय जागी झाली. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरे-अंक असतात, पहिले दोन राज्याचे, त्यापुढचे दहा म्हणजे धारकाचा पॅन, आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. कंपनी असेल तर तेथे 'सी' असते, एकटी व्यक्ती असेल तर 'पी'. पावतीवर 'पी' होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर तो फरशांच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. दोन मिनिटांचे हे काम मी ऑगस्टमध्ये करू शकले असते.

बाईंनी पैसे यूपीआयने भरले होते. रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दिसते, ते कंपनीचे होते का, असे मी विचारले. "नाही, कुणा मुलाचं नाव होतं. मनात आलं होतं माझ्या. पण वर तुमचा फोटो होता ना, ताई." यावर मला काही बोलता आले नाही. बँकेत आम्ही प्रत्येक खातेदाराची नमुना सही एका कार्डावर घेऊन जपून ठेवत असू, कारण तिच्याशी जुळवूनच पैसे दिले जातात. माझ्या वाचकांनी माझा चेहरा नमुना सहीसारखा वापरला, आणि ते कार्ड मीच कपाटातून काढून परक्याच्या हाती दिले होते.

सहलीला नोंदवलेल्या एकोणीस जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता. त्यात सगळे होते, फक्त मी नव्हते. बाईंनी मला त्यांचे क्रमांक कळवले आणि त्या रात्री मी एकेकाला फोन लावले. चौघांनी पूर्ण साडेएकवीस हजार भरले होते, पंधरा जणांनी सहा-सहा हजार, एकूण एक लाख शहात्तर हजार रुपये. १९३० या सायबर मदतक्रमांकावर मी आधीच फोन केला होता, तेव्हा असे कळले की ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच तक्रार नोंदवायला हवी आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी हवा. म्हणून प्रत्येकाला तो क्रमांक कोठे सापडतो ते समजावत बसले. आदल्या दिवशी पैसे भरलेल्या दोघांचे बारा हजार पुढच्या खात्यात अडवले गेले. बाकीचे पैसे केव्हाच इकडून तिकडे होऊन काढून घेतले गेले होते. ज्या मुलाच्या नावाचे खाते होते तो एक विद्यार्थी निघाला, आणि त्याने ते दरमहा काही पैशांवर दुसऱ्याला वापरायला दिले होते.

माझ्या तक्रारीवरून भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, तोतयेगिरी करून फसवण्याबद्दलचे, कलम ६६ड लावून गुन्हा नोंदवला गेला. जबाब देताना अधिकाऱ्यांनी खात्याचा उतारा मागितला आणि मला त्या दहा हजारांचा खरा अर्थ कळला. वाचकांचे पैसे ज्या खात्यात गेले, त्याच खात्यातून ते मला आले होते. कागदावर मी हिस्सेदार दिसत होते. तो तरुण, ते ईमेल, ती भेट, हे सगळे तारखेनिशी दाखवता आले म्हणून निभावले. ईमेल मी सहसा पुसत नाही, हे माझे नशीब. वाचकांना मात्र उतारे दाखवता येत नाहीत. सोलापूरच्या एका गृहस्थांनी विचारले, "तुम्हाला जागेमागे किती मिळत होते?" त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

ज्या चौघांनी पूर्ण रक्कम भरली होती त्यांना मी माझ्या ठेवीतून निम्मे पैसे दिले. मिरजेच्या बाईंनी ते घ्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्या मुलीच्या खात्यात भरले. पेज परत मिळाले नाही. त्याचे नाव बदलले आहे आणि तेथे आता साड्यांचा सेल लागतो. पेजच्या पारदर्शकतेच्या रकान्यात जुनी नावे दिसतात, तेथे अजून माझे नाव आहे.

आता कोणी सहलीचा किंवा प्रसिद्धीचा प्रस्ताव आणला तर मी पेजवर मर्यादित कामाचाच अधिकार देते, वाचकांचे पैसे कोणत्या खात्यात जाणार त्याचा तपशील आधी लेखी मागते, आणि नोंदणी सुरू झाली का, हे आयोजकाला न विचारता बहिणीच्या फोनवरून वाचक म्हणून स्वतः चौकशी करून पाहते. व्हिडिओ दिलाच तर त्यात सहलीची तारीख आणि आयोजकाचे नाव माझ्या तोंडून येईल असे पाहते. ऑगस्टमधल्या त्या व्हिडिओत यांपैकी काहीच नव्हते, फक्त हंपी, विठ्ठल आणि मी होतो, आणि म्हणून तो शिळा होत नाही.

गेल्या आठवड्यात जळगावहून एका गृहस्थांचा फोन आला. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलेला माझा व्हिडिओ त्यांनी नुकताच पाहिला होता. फेब्रुवारीच्या सहलीत दोघांसाठी जागा आहे का, आणि सहा हजार याच क्रमांकावर पाठवायचे ना, असे ते विचारत होते.