वीस ग्रॅम अधिक वीस मिली: गोदरेज एक्स्पर्ट रिच क्रीमचं पाकीट

किराणा दुकानात शाम्पूच्या माळांशेजारी लटकणारं हे केस रंगवायचं पाकीट. फाडलं की आत दोन पाऊच निघतात: एकात २० ग्रॅम रंगाचं क्रीम, दुसऱ्यात २० मिली डेव्हलपर. दोन्ही पूर्ण पिळायचे, ढवळायचं, लावायचं. घरी कलप लावताना सगळ्यात जास्त चुका मापात होतात आणि या पाकिटानं त्या चुकीला जागाच ठेवलेली नाही. अर्थात पाकीट पूर्ण वापरलं तर. आपल्याकडे "पांढरे थोडेच आहेत, अर्धं पुरे" म्हणून दोन्ही पाऊच अंदाजानं निम्मे पिळले जातात आणि गाडी तिथेच घसरते.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं सौम्य, दाटसर मिश्रण. रंगाच्या क्रीममध्ये खरं तर तयार रंग फारसा नसतोच. असतात ते बारीक, बिनरंगी रेणू. क्रीममधल्या अल्कलीमुळे केसावरचं खवल्यांचं आवरण फुगून उघडतं, रेणू आत शिरतात आणि पेरॉक्साइड त्यांची आपसात जोडणी करतं. जोडून मोठे झालेले रेणू मग शाम्पूनं बाहेर पडत नाहीत, म्हणून हा रंग 'कायम'. डेव्हलपर कमी पडला की जोडणी अर्धवट राहते. जास्त झाला की मिश्रण पातळ होऊन कपाळावर ओघळतं आणि पांढरे नीट झाकले जात नाहीत. अर्धंच करायचं असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा, १० ग्रॅम क्रीम, त्यावर १० ग्रॅम डेव्हलपर. मिली आणि ग्रॅममधला फरक इथे धरण्याइतका नाही. पण उरलेल्या रंगाचं काय? उघड्या पाऊचला हवा लागते आणि क्रीम तोंडापासून काळपट पडत जातं. कपड्यांचा चिमटा लावून महिनाभर फडताळात ठेवलेलं क्रीम पुढच्या वेळी निम्मंच काम करतं. टाकून द्या.

दोन्ही मिळून ४० ग्रॅम मिश्रण होतं. पुरुषांच्या आखूड केसांना ते पुरतं. बायकांचा भांग, दोन्ही कानशिलं आणि कपाळाची कड एवढं करायलाही पुरतं. खांद्यापर्यंतचे सगळे केस रंगवायचे तर दोन-तीन पाकिटं आणून ठेवा, कंबरेपर्यंत असतील तर चार-पाच. ऐनवेळी कमी पडलं म्हणून आहे तेच ताणून लावलं की पट्टे उठतात. हा रंग तेलासारखा चोपडायचा नसतो, केसावर त्याचा जाडसर थर बसावा लागतो.

आधी पॅच टेस्ट. पाकिटावर 'अमोनिया नाही' वाचून बरेच जण हे औषधी प्रकरण समजतात आणि चाचणी टाळतात. अमोनिया गेला म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा वास गेला, एवढंच. अॅलर्जी होते ती प्रामुख्यानं पॅरा-फेनिलिनडायअमिनची, म्हणजे पीपीडीची. या वर्गातल्या काळ्या-तपकिरी रंगांची सगळी भिस्त पीपीडी आणि त्याच्या भाऊबंदांवर असते, अमोनिया असो वा नसो. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या कित्येक पावडरींतही तेच असतं. मेंदीला स्वतःचा काळा रंग नाही. पीपीडी असलेल्या डायवर सावधानतेची सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापण्याचा नियम भारतात आहे. भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, हे त्या सूचनेत स्पष्ट असतं. तरी लोक उरलेल्या रंगाचं बोट भुवईवरून फिरवतात. चाचणी सोपी आहे: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं मिश्रण लावायचं, वाळू द्यायचं आणि ४८ तास वाट पाहायची. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर तो विषय तिथेच संपला. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं. ही अॅलर्जी वापरता वापरताच जडते. लहानपणी हातावर काढलेल्या काळ्या मेंदीनं फोड आले असतील, तर असले सगळे कलप वर्ज्यच.

कालवायला काच, प्लास्टिक किंवा चिनी मातीची वाटी घ्या. मेंदी भिजवायची लोखंडी कढई इथे मुळीच चालणार नाही: मेंदीला तिथे लोखंडाचा काळेपणा हवा असतो, पण पेरॉक्साइड लोखंडाला लागलं की केसापर्यंत पोचण्याआधीच विघटन पावू लागतं. अॅल्युमिनिअम, पितळही नको. ब्रशनं मिनिटभर, पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत फेटा. मिश्रण आधी सायीसारखं असतं, मग कडेनं बदामी होतं, दहा मिनिटांत वाटीच्या काठावर जांभळट-काळं पडतं. हे काळं पडणं पाहून "रंग चढला" समजून लवकर धुणारे पुष्कळ. वाटीतला रंग हवेनं काळवंडतो, केसातलं काम अजून चालूच असतं. लवकर धुतलं की पांढऱ्यावर तांबूस झाक राहते. चार केस ओल्या कापसानं पुसून पाहा. खरा अंदाज तेवढ्यानंच येतो.

केस कोरडे, आदल्या दिवशी धुतलेले असावेत. त्याच दिवशी शाम्पू केला तर टाळू चुणचुणते. खोबरेल तेल मुरलेले केस घेऊन बसलात तर रंग वरच्यावर तरंगतो. कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलिनचा हात फिरवा, पण केसांच्या मुळांवर येऊ देऊ नका, नाहीतर नेमक्या दिसणाऱ्या ओळीतले पांढरे तसेच राहतील. सुरुवात कानशिलांपासून करा. तिथले पांढरे राठ असतात, रंग उशिरा घेतात, म्हणून त्यांना जास्त वेळ मिळायला हवा. मग भांग, मग मागचं डोकं, अर्ध्या सेंटिमीटरच्या बटा पाडत. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकावं. अर्धा तास मोजायचा तो लावून संपल्यापासून. पाऊण तासाच्या पुढे ठेवून रंग आणखी गडद होत नाही, केस तेवढे कोरडे पडतात.

आता ज्यात सगळ्यात जास्त केस बिघडतात ती गोष्ट. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दर महिन्याला नवं पांढरं तेवढंच असतं. तरी दर वेळी रंग मुळापासून टोकापर्यंत ओढला जातो. वर्षभरानं टोकांवर बारा थर चढलेले असतात. टोकं शाईसारखी काळी, खरखरीत, आणि मुळं मात्र तपकिरी. फक्त मुळांना लावा. टोकं फिकी वाटली तर शेवटची पाच मिनिटं थोडं पाणी शिंपडून तोच रंग खाली ओढा, बस. पहिल्यांदाच पूर्ण केसांना लावत असाल तर उलट करा: आधी मधला भाग आणि टोकं, वीसेक मिनिटांनी मुळं. टाळूच्या उबेनं मुळांशी क्रिया लवकर होते. एकदमच लावलं तर मुळांची वेगळीच पट्टी दिसते.

शेड निवडताना नैसर्गिक काळ्याकडे हात जातो, पण पिकलेल्या केसांवर तो बूटपॉलिश केल्यासारखा दिसतो आणि नंतर हलका करता येत नाही. रंगानं रंग उतरत नाही. गडद केसांवर फिकी शेड लावून पैसे वायाच जातात. काळसर तपकिरी घेतली तर वाढणाऱ्या मुळांची पांढरी रेघही कमी बोचते. बर्गंडीबद्दल एवढंच: ती काळ्या केसांवर उन्हात झाक देते, पण बहुतेक पांढऱ्या डोक्यावर थेट जांभळट-लाल बसते. आवडच असेल तर त्याच कंपनीच्या गडद तपकिरीत निम्मी-निम्मी मिसळा. दोन्ही पाकिटांचे डेव्हलपरही पूर्ण घाला.

टिकण्याच्या बाबतीत या पाकिटाकडून फार अपेक्षा ठेवू नका. महिनाभरात पांढऱ्यांवरचा तपकिरी तांबूस होऊ लागतो. बोअरवेलचं जड पाणी आणि कडकडीत पाण्यानं न्हाणं असेल तर त्याआधीच. तुलनेसाठी, लॉरियलचं कास्टिंग क्रीम ग्लॉस ८७.५ ग्रॅम आणि ७२ मिलीच्या खोक्यात येतं, त्यातही अमोनिया नाही, पण त्याचा दावाच २८ धुण्यांपर्यंतचा आहे. चमक सुरेख येते. हट्टी पांढऱ्यांसाठी मात्र ते नाही. पार्लरच्या ट्यूबा अनेकदा एकास दीड मापाच्या, म्हणजे एक भाग रंगाला दीड भाग डेव्हलपर अशा असतात, म्हणून एकाची ट्यूब आणि दुसऱ्याचा डेव्हलपर अशी सोयरीक जमवू नका. आखूड केस आणि महिन्याकाठी मुळं, एवढ्यासाठी हे पाकीट खुशाल घ्या. लांब केस पहिल्यांदाच पूर्ण रंगवायचे असतील तर मोठं खोकं बरं. पाच पाकिटं एकेक करून फाडत बसलं की शेवटचं मिश्रण तयार होईपर्यंत पहिलं बदललेलं असतं.

धुताना आधी थोडं पाणी घेऊन डोक्यावर बोटांनी चोळा. फेसाळलेला रंगच कडेचे डाग उचलतो. राहिलेल्या डागांना खोबरेल तेलाचा बोळा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, त्या दिवशी शाम्पू टाळा. वाटीत उरलेलं मिश्रण रिकाम्या बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका: त्यातून प्राणवायू सुटत राहतो, बाटली फुगते आणि कधी फुटतेही. मोरीत ओता आणि वरून बादलीभर पाणी, नाहीतर फरशीच्या सांध्यांत त्याची काळी रेघ कायमची बसते.