साधा फोन की इंटरनेटवरचा कॉल?

दिवसाला दोन-चार कॉल, तेही जवळच्या माणसांना, एवढंच असेल तर बदलाच्या खटाटोपात पडू नका. पण मुलगी परदेशी असेल किंवा गिऱ्हाइकं चार देशांत विखुरलेली असतील, तर गणित वेगळं होतं. साध्या फोनवर परदेशी कॉलचं बिल मिनिटामिनिटाला चढतं. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, बहुधा 20 मिलिसेकंदांचा एकेक, आणि ते शेजारी गेले की समुद्रापार, यावर बिल ठरत नाही. डेटाही फार जात नाही. सेकंदाला 64 किलोबिट आवाज पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीनेसुद्धा दोन्ही बाजू धरून मिनिटाला साधारण 1.3 एमबी. मात्र दोघांकडे एकच ॲप हवं. ॲपवरून साध्या नंबरला फोन लावलात तर बहुतेक ठिकाणी पैसे पडतातच.

माझ्या मते पैशांपेक्षा आवाज महत्त्वाचा. फोनवर ईमेल सांगताना ‘एस, समईचा एस, एफ नाही’ असं ओरडावं लागतं ना? दोष कानांचा नाही. जुनी टेलिफोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेते, आणि ‘स’ला ‘फ’पासून वेगळा करणारा सळसळाट बराचसा त्याच्या वर असतो. 2012 साली प्रमाणित झालेला ओपस कोडेक, म्हणजे इंटरनेट कॉलसाठी आवाज आकसून पाठवायची एक पद्धत, 20,000 हर्ट्झपर्यंत जातो. अर्थात आजच्या मोबाइलवरचा व्होल्टीई (4जी नेटवर्कवरून जाणारा) कॉलही जुन्या लाइनपेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो, म्हणजे इथे खरी हार लँडलाइनचीच.

आता दुसरी बाजू. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला की माझ्या कॉलमधली अर्धी वाक्यं गायब होतात, आणि समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. अशा वेळी ॲपला शिव्या देण्यात अर्थ नसतो. वायफाय सोडून केबल लावली किंवा अपलोड थांबवला की बहुतेकदा भागतं. आवाज पोचायला एका बाजूने 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की दोघंही एकदम बोलतात आणि एकदम थांबतात.

वीज गेली की काय? तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट मिळतात, तो अंधारातही वाजतो. राउटर मात्र बॅटरी नसेल तर बंद. शिवाय अनेक ॲपवरून आपत्कालीन नंबर लागतच नाही, आणि लागला तरी तुमचा ठावठिकाणा पलीकडे बरोबर कळेलच असं नाही. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर एक साधा फोन राहू द्या, मग तो मोबाइल का असेना.

ऑफिससाठी मात्र मी सरळ इंटरनेट म्हणेन. एकच नंबर टेबलावर, लॅपटॉपवर आणि प्रवासात खिशातही वाजतो. जागा बदलली तरी नंबर तोच. फक्त नंबर पोर्ट होऊन नव्या सेवेवर वाजेपर्यंत जुनी लाइन बंद करायला सांगू नका. लाइनबरोबर नंबरही हातचा जाऊ शकतो.