२३ गेज म्हणजे १९ पेक्षा भारी, असं मला वाटलं

हे लिहायला लाज वाटतेय. बायको म्हणतेय कशाला गावभर करताय, झालं ते झालं. पण ज्याने मला कोंबड्यांचा पिंजरा करून देताना फसवलं, तो माणूस अजून कामं घेतोय म्हणून लिहितोय.

परसात ७ कोंबड्या होत्या. लाकडी खुराडं होतंच, त्याला जोडून दिवसभर मोकळं फिरायला १० बाय ६ फुटांचा जाळीचा पिंजरा करून घ्यायचा होता. कोंबडीमागे आठ-साडेआठ चौरस फूट जागा येते, तेवढी लागतेच, म्हणजे हिशोब मी नीट केला होता. एका पेजवर या माणसाने केलेल्या पिंजऱ्यांचे फोटो दिसले, देखणं काम. फोन केला, माणूस इतका गोड की विचारू नका. "दादा, तुम्ही निर्धास्त राहा, कुत्रं काय उंदीर पण आत येणार नाही." ३८,९०० ठरले. २५,००० आगाऊ. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, आगाऊ पैसे गेले की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, पण माझ्याकडे तो पळून नाही गेला, आला, दोन दिवस राबला, म्हणूनच मी गाफील राहिलो.

आता ऐका मूर्खपणा. मी वाचलं होतं की अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यायची, १९ गेज. तसं त्याला सांगितलंही. तर तो म्हणाला, "१९ कशाला दादा, २३ टाकू की, फक्त २,६०० जास्त पडतील." आणि मी हो म्हणालो!! २३ हा १९ पेक्षा मोठा आकडा ना, मग मजबूत असणार. तारेचा गेज उलटा चालतो हो. आकडा वाढला की तार बारीक. १९ म्हणजे साधारण १ मिलिमीटर आणि २३ म्हणजे ०.६ च्या आसपास. म्हणजे बारीक तार मिळावी म्हणून मी वरून २,६०० मोजले. रोज ऑफिसात दुसऱ्यांची कोटेशनं तपासणारा माणूस मी. (गेज बोलूच नका, बिलावर तारेची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.)

आणि याहून वाईट सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्याकडे कात्री मागितली. घरातली, साधी. ती मी स्वतः आत जाऊन आणून दिली. आणि त्या कात्रीने तो जाळी कापत होता, कापड कापावं तशी, करकर आवाज करत, आणि मी शेजारी उभा राहून दुसरं टोक धरलं होतं. चांगली जाळी कापायला तारेचा कटर लागतो, हात दुखतात. मनात आलंही होतं की ही एवढी सहज कशी कापली जातेय. आलं होतं, खोटं नाही सांगत. पण समोर माणूस घाम गाळतोय, आपण काय विचारायचं, त्याला वाईट वाटेल. त्या पाच सेकंदांत तोंड उघडलं असतं तर पाच कोंबड्या आज असत्या.

संध्याकाळी उरलेले १६,५०० पण दिले. एकूण ४१,५००. अंधार पडत आला होता, त्याला घाई होती, बिल "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला. जाताना कोंबड्यांसकट पिंजऱ्याचे फोटो काढून नेले.

नवव्या रात्री कुत्री आली. दोन असावीत, मातीत पाय तसेच होते. मी उठेपर्यंत सगळं शांत. ५ मेलेल्या, २ खुराड्याच्या वरच्या दांडीवर थिजलेल्या. खुराड्याचं दार त्या रात्री बंद केलं नव्हतं असं मला दोन-तीन जणांनी ऐकवलं. हो, नव्हतं केलं, पण मग पिंजऱ्याला पैसे कशाचे दिले मी?

सकाळी उकरून बघितलं तेव्हा एकेक गंमत कळली. जमिनीलगत बाहेरच्या बाजूला जाळीची दोन फूट रुंद झालर पसरायची ठरली होती, म्हणजे जनावर कुंपणाला चिकटून उकरायला लागलं की पंजा जाळीवर अडतो. चारी बाजू मिळून ३२ फूट. निघाली फक्त पुढची १०, तीही वीतभर रुंद. बाकीचे २२ फूट नुसती माती ओढून सारखी केलेली. झालर पुरायच्या आधी फोटो काढा, शक्यतो शेजारी टेप ठेवून. मागच्या बाजूला आणि वर तर वेल्डेड जाळीच नव्हती, षटकोनी डोळ्यांची साधी कोंबडी-जाळी. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही ठेवत. आणि सगळं ठोकलेलं स्टेपलने, एका हिसक्यात सटासट निघालं. स्क्रू आणि वॉशर मागा, स्टेपल दिसला की काम थांबवा. कडी सुद्धा नुसती वर उचलायची, नाकाने उघडेल अशी.

फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला, "जनावराला कोण काय करणार दादा." दुसऱ्यांदा उचलला नाही, तिसऱ्यांदा ब्लॉक.

मग सुरू झाला सरकारी खेळ. पोलीस चौकीत गेलो तर समोरचा साहेब शेजारच्याला म्हणतो, "यांच्या कोंबड्यांचा खून झालाय," आणि दोघं हसले. मला म्हणाले, काम झालंय ना, मग फसवणूक कुठली, ही दिवाणी बाब, ग्राहकवाल्यांकडे जा. ग्राहकवाल्यांच्या फॉर्मवर बिल नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि बिल असतं तर मी रडत कशाला आलो असतो, तिथे फोन केला तर म्हणे लेखी अर्ज द्या, अर्ज दिला तर म्हणे विक्रेत्याचा पत्ता लिहा, पत्ता मला माहिती असता तर मीच गेलो नसतो का त्याच्या दारात! बँक म्हणाली तुम्ही स्वतःच्या मर्जीने पैसे पाठवलेत. पेमेंट ॲपवर तक्रार टाकली, चौथ्या दिवशी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे." कुणाचं समाधान झालं? माझं तर नाही, कोंबड्यांचं विचारायची सोय नाही. पुन्हा चौकीत गेलो तर आधीचा साहेब रजेवर आणि माझा अर्ज कुणालाच सापडेना.

स्वतः दुरुस्त केलं, ११,३५० अजून गेले. या वेळी जाळी घेताना आधी कात्री लावून बघितली. दुकानदार वैतागला, वैतागू दे. सांधे वेल्ड केल्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मागा, आधी मुलामा देऊन मग वेल्ड केलेली सांध्यांवर लवकर गंजते. आणि शेवटचे पैसे त्याच दिवशी देऊ नका, हातपाय जोडले तरी. दिवसाउजेडी प्रत्येक बाजू स्वतः लाथ मारून बघा.

परवा मेहुण्याने एक लिंक पाठवली. नवीन नाव, नवीन पेज, माणूस तोच. सगळ्यात वरचा फोटो माझ्या परसातला. सातही कोंबड्या उभ्या आहेत, खाली लिहिलंय "१००% सुरक्षित, ग्राहक खूश." मी खाली कमेंट टाकली. मिनिटभरात डिलीट.