जुन्या ॲम्बेसेडरला हेड कुठलं: बिडाचं की अल्युमिनियमचं?

कणकवली-मालवण पट्ट्यात १४८९ सीसीची पेट्रोल ॲम्बेसेडर अजून जपणारे मोजकेच उरलेत. त्यातल्या दोघांनी याच पावसाळ्यात मला एकच प्रश्न विचारला: इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण) करायचंच आहे, तर कुठलं टाकू? (इसुझू इंजिनाची १८०० वेगळी, तिला यातलं काही लागू नाही.)

तीन वाटा आहेत. आपलंच बिडाचं हेड नव्याने बनवून घ्या, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं हेड बसवा, नाहीतर परदेशातून अल्युमिनियमचं मागवा. आपलं आणि एमजीबीचं इंजिन एकाच ब्रिटिश ‘बी-सिरीज’ घराण्यातलं, म्हणून अदलाबदल जमते.

एमजीबीचं आधी निकालात काढतो. व्हॉल्व्ह मोठे असल्याने मोह होतो, पण ते हेड १७९८ सीसीसाठी आहे. तिथला बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, आपला ७३. हेडातली पेट्रोल जळायची पोकळी, म्हणजे चेंबरही मोठा. समजा पाचच सीसीचा फरक पडला, तरी आपल्या ३७२ सीसीच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७.२ वरून ६.७ वर येतं. पैसे घालून फोंडाघाटात गाडी पहिल्यापेक्षा मंद! हेडचा तळ घासून (फेसिंग करून) चेंबर कमी करता येतो, पण मग व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची उंची बघा, मोठा व्हॉल्व्ह बोअरच्या कडेला लागत नाही ना ते बघा. नको.

अल्युमिनियमचं हेड खरंच चांगलं. हलकं असतं, उष्णता लवकर सोडतं, त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) न होता थोडं जास्त कॉम्प्रेशन झेपतं. त्यातही क्रॉसफ्लो घेतलं तर इनटेक (मिश्रण आत यायची वाट) एका बाजूला आणि एक्झॉस्ट (धूर जायची वाट) दुसऱ्या. आपल्या मूळ हेडात दोन्ही एकाच अंगाला, वर दोन-दोन सिलिंडर एका इनटेक पोर्टवर जेवतात. पण क्रॉसफ्लोला मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, लिंकेज सगळं नवं लागतं, आणि पलीकडे डिस्ट्रिब्युटर बसलाय, त्याच्या डोक्यावर जागा करावी लागते.

माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. शेजारच्या फियाटचं हेड उतरवताना मी हजर होतो. तिचं मूळचंच अल्युमिनियमचं, खाली बिडाचा ब्लॉक. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी. पाण्याच्या भोकांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्लेल्या, गॅस्केट टेकायला धड जागाच उरली नव्हती. दोन धातू आणि साधं पाणी एकत्र आलं की हे होणारच, आणि गाडी नुसती गणपती-शिमग्याला बाहेर निघत असेल तर ही झीज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

राहिलं बिडाचं. त्याचं दुखणं म्हणजे पेट्रोलमधून गेलेलं शिसं. २००० सालापर्यंत देशभर शिसेरहित पेट्रोल आलं आणि जुन्या एक्झॉस्ट सीटांचं (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांचं) संरक्षण गेलं. माझ्या गाडीत टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली) पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांची फट दर काही महिन्यांनी भरायची, फीलर गेजचं पातं आत शिरेना. टॅपेट सैल होत नव्हता, व्हॉल्व्हच सीटमध्ये रुतत चालला होता. उपाय म्हणजे कडक धातूच्या एक्झॉस्ट सीटा बसवणं. इनटेकला गरज नाही. पहिल्या खेपेला एका मशीनशॉपने सीटसाठी खाच एवढी खोल घेतली की वॉटर जॅकेटच (हेडातली पाण्याची पोकळी) उघडं पडलं. दुसरं हेड भंगारात शोधावं लागलं. म्हणून आधी प्रेशर टेस्ट आणि तडे तपासून घ्या, सीटा बसल्यावर पुन्हा टेस्ट करा. पोर्ट मोठे करायच्या भानगडीत पडू नका; सीटखालची ओतकामाची धार घासून गुळगुळीत केली की पुरे.

ज्याची गाडी वर्षातून चारदा निघते, त्याला मी बिडाचंच सांगितलं. दुसऱ्याने ट्विन कार्ब आणि वेगळा कॅम आधीच टाकलाय, तो दर रविवारी गाडी चालवतो, त्याचं अल्युमिनियमचं हेड जहाजावर आहे. ते यायच्या आत मी त्याच्याकडे साध्या पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये घालायच्या, गंज रोखणाऱ्या कूलंटचे दोन कॅन पोचवून आलोय.